हिरव्या शालीतला आमदार

म्हैसूरहून कृष्णराजसागर धरणाकडे जाताना बेळगोळ लागतं. ते मंड्या जिल्ह्यातलंच; सगळीकडे भात आणि ऊस. कावेरीचं पाणी आणि उसाचा दर, इथलं सगळं राजकारण या दोन गोष्टींभोवती फिरतं. शेजारच्या पांडवपूर तालुक्यातल्या क्यातनहळ्ळीचे के. एस. पुट्टण्णय्या याच मातीतले.

1980 मध्ये नरगुंद-नवलगुंदचा शेतकरी पेटून उठला आणि त्या उठावातून कर्नाटक राज्य रयत संघ उभा राहिला. त्याच वर्षी आपल्याकडे शरद जोशींचं कांदा आंदोलन गाजत होतं. पुढे जागतिक व्यापार खुला करण्याच्या डंकेल प्रस्तावावरून जोशी आणि रयत संघाचे प्रा. नंजुंडस्वामी यांच्या वाटा अगदी उलट झाल्या. पण एक दुखणं दोघांच्याही वाट्याला आलं. सभेला लाखाची गर्दी, मतपेटीत मात्र खडखडाट! आंदोलनात शेतकरी शेतकरी असतो. मतदानाच्या दिवशी तो जातीचा, भावकीचा, साखर कारखान्याच्या चेअरमनचा होतो.

म्हणून मला रयत संघाच्याच पुट्टण्णय्यांचं मोल वाटतं. 1994 मध्ये ते पांडवपुरातून आमदार झाले. त्यानंतर पुन्हा विधानसभेत पोहोचायला 2013 उजाडलं. तेव्हा मेलुकोटेतून, सर्वोदय कर्नाटक पक्षातर्फे. मधल्या 19 वर्षांत पराभव पचवले, पण चळवळ सोडली नाही आणि खांद्यावरची रयत संघाची हिरवी शालही उतरवली नाही. बेळगावच्या वाचकांना बाबागौडा पाटील आठवतील. तेही रयत संघाचेच. 1989 ला एकाच वेळी विधानसभेच्या दोन जागा जिंकलेले. पुढे ते भाजपमध्ये गेले, खासदार आणि केंद्रात राज्यमंत्री झाले. मोठं पद मिळालं, हे खरं. तरीही शेतकऱ्याच्या बाजूने उभं राहायला पुट्टण्णय्यांची आमदारकीच मला अधिक वजनाची वाटते. आपल्याकडचे शेतकरी नेते राजू शेट्टी यांनीही ‘एक व्होट, एक नोट’ म्हणत शिरोळ-हातकणंगल्यात असाच मार्ग चोखाळला होता.

18 फेब्रुवारी 2018 ला मंड्यात कबड्डीचा सामना पाहताना पुट्टण्णय्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि ते गेले. त्यांचा मुलगा दर्शन अमेरिकेतून परतला, त्याच वर्षीची निवडणूक हरला आणि 2023 मध्ये मेलुकोटे जिंकून विधानसभेत गेला. पाठीशी काँग्रेस होती. कावेरी आटेल, उसाची बिलं थकतील, तेव्हा त्याच काँग्रेसच्या सरकारला तो वडिलांसारखा खडसावतो का, हे मंड्याचा शेतकरी पाहतो आहे. मीही पाहतो आहे.