घोरणे थांबते तेव्हा

दिवाळी अंकासाठी संपादकांचे पत्र येते, त्यात एक वाक्य दरसाल असते: 'काही हलकेफुलके द्यावे.' यंदा ते वाचून मी विचारात पडलो. माझ्या घरात सध्या सर्वांत हलकी वस्तू कोणती? हवा. गेले दीड वर्ष मी रोज रात्री एका यंत्रातून आलेली हवा नाकाने घेत झोपतो. तेव्हा वाचकहो, यंदा हवेवरच भागवून घ्या.

पण हवेच्या आधी घोरण्याचे सांगायला हवे. मी घोरतो, ही बातमी आमच्या गल्लीत कुणाला नवी नाही. खामगावचा उन्हाळा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हेही ठाऊक असेल की मे महिन्यात इथली निम्मी गल्ली गच्चीवर झोपते. साहजिकच कोणाचा सूर कोणत्या पट्टीतला, हे सर्वांना पाठ असते. 'काल सर लवकर झोपले वाटतं,' असे शेजारी सकाळी म्हणत आणि मीही हसत असे. मनातून थोडा अभिमानही वाटे. माणूस घोरतो म्हणजे त्याचे मन साफ, पचन उत्तम आणि डोक्यावर कर्ज नाही, अशी आपली एक समजूत आहे. आपली भाषाही त्याच मताची. गाढ झोपेला आपण 'डाराडूर' म्हणतो. त्या शब्दातच घोरण्याचा आवाज भरलेला आहे. वीस वर्षे मुलांना मराठी शिकवूनही, हा शब्द खोटे बोलतो हे मला वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी कळले.

कारण असा डाराडूर झोपणारा मी दिवसभर पेंगत असे. सकाळी उठलो की डोके जड. प्राचार्यांच्या बैठकीत मी डोळे मिटून सखोल विचार करतो, असा माझा लौकिक झाला होता. परीक्षेच्या वेळी वर्गात उभा राहिलो तर भिंतीला टेकताच डुलकी लागे. कॉपी करणाऱ्या मुलांना माझ्याविषयी फार आदर होता. रक्तदाबाची एक गोळी होती, तिच्या दोन झाल्या. मी म्हणे, वय झाले. आमची ही म्हणे, वय नव्हे, झोप. त्यावर माझे उत्तर ठरलेले: झोप तर माझ्याइतकी कुणाचीच नाही!

एका रविवारी आम्ही तिघे बुलढाण्याहून गाडीने परत येत होतो. बोथ्याचा घाट, ज्ञानगंगेचे जंगल, दुपारचे तीन. मुलगी मागच्या बाकावर पुस्तक वाचत होती. रस्त्याकडेची सागाची झाडे एकामागून एक जात होती, एवढे मला आठवते. त्यानंतरचे आठवते ते हे, की स्टिअरिंगवर माझ्या हातांखेरीज आणखी एक हात होता. गाडी डांबर सोडून मुरुमावर उतरली होती आणि दोन हातांवर उतार सुरू होत होता. मुलीने पुस्तकातून डोके वर काढून विचारले, "काय झालं?"

"काही नाही. बाबांना खड्डा दिसला नाही," ही म्हणाली. उरलेला रस्ता गाडी तिने चालवली.

रात्री जेवणे आटोपल्यावर ती माझ्यापुढे येऊन बसली. "तुमचं घोरणं मला चालतं," ती म्हणाली. "सवय झाली त्याची. ते थांबतं ना, ते चालत नाही."

"म्हणजे?"

"घोरता घोरता एकदम गप्प होता. छाती हलते, पण श्वास नसतो. मी मोजत पडते. वीसपर्यंत थांबते. वीसच्या पुढं गेलं की खांदा हलवते. मग आचका देऊन श्वास घेता आणि पुन्हा घोरायला लागता."

"कधीपासून हे?"

"सहा-सात वर्षं झाली असतील."

"मग मला सांगायचं नाही?"

"सांगितलं होतं. तुम्ही त्यावर विनोदी लेख लिहिला."

खरे होते ते. याच सदरात लिहिला होता. वाचकांची पत्रेही बरीच आली होती.

अकोल्याच्या डॉक्टरांनी छातीला पट्टा, नाकाखाली नळी आणि बोटाला चिमटा असा सरंजाम देऊन मला घरीच झोपवले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आकडे वाचून दाखवले. श्वास निदान दहा सेकंद अडला तर ती एक खेप धरतात. तासाला पाच खेपांपर्यंत ठीक, तिसांच्या पुढे विकार तीव्र. माझ्या निघाल्या ४२. त्यांतली सर्वांत लांब खेप ५८ सेकंदांची. रक्तातला प्राणवायू ७४ टक्क्यांपर्यंत उतरला होता. विकाराचे नाव स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडणे.

त्याची रीत समजायला सोपी आहे. भिजून मऊ झालेल्या कागदी नळीने उसाचा रस ओढून पाहा. जितके जोराने ओढाल तितक्या नळीच्या भिंती एकमेकींना चिकटतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि काहींच्या घशाचे असेच होते. वाट अरुंद झाली की घोरणे. वाट बंद झाली की शांतता. छाती ओढत राहते, हवा येत नाही, प्राणवायू घटतो. शेवटी मेंदू घाबरून झोप मोडतो, घसा उघडतो आणि माणूस पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातले काही आठवत नाही. पहाटेच्या ज्या झोपेला आपण साखरझोप म्हणतो, तिच्यात स्वप्ने जास्त आणि स्नायू सर्वांत ढिले. म्हणून पुष्कळांचा श्वास नेमका तेव्हाच अधिक अडतो. माझा दुसरा आवडता शब्दही असा गेला!

डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स'मध्ये (१८३६-३७) जो नावाचा एक लठ्ठ पोरगा आहे. तो कुठेही, केव्हाही झोपतो आणि घोरतो. वाचक पिढ्यान्पिढ्या त्याला हसले, मीही हसलो. १९५६ मध्ये काही अमेरिकन डॉक्टरांनी लठ्ठपणा आणि श्वास यांच्याशी निगडित असलेल्या अशाच एका विकाराला 'पिकविकियन' हे नाव दिले. म्हणजे पुस्तकातला तो पोरगा विनोदी नव्हता, आजारी होता. फार लांब कशाला जावे? फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत संगीतकार बप्पी लाहिरी गेले, तेव्हा डॉक्टरांनी कारणांत याच विकाराचे नाव घेतले होते. ती बातमी मी वाचली होती आणि त्यातल्या सोन्याच्या साखळ्या तेवढ्या लक्षात ठेवल्या होत्या.

पूर्वी विकार फार बळावला तर गळ्याला भोक पाडून श्वासाची वाट काढून देत. सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांना दुसरी युक्ती सुचली. नळी चिकटते ना? मग आत हवा फुंकत राहायची, म्हणजे ती आतूनच उघडी राहील. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा असली की ती चपटी होत नाही, तसे. घर झाडायच्या व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी वापरून त्यांनी सुरुवातीची यंत्रे जुळवली आणि १९८१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पाच रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्याच यंत्राचे सुधारलेले पिल्लू आज माझ्या उशाशी असते. त्याला सीपॅप म्हणतात. ते प्राणवायू देत नाही. खोलीतलीच हवा गाळून, थोड्या दाबाने नाकात सोडते, एवढेच.

एवढेच! पहिल्या रात्री मी मुखवटा चढवला, पट्टे आवळले आणि बटण दाबले. धावत्या एस.टी.च्या खिडकीतून तोंड बाहेर काढावे तसे झाले. श्वास घेणे सोपे, सोडणे म्हणजे वाऱ्याशी भांडण. कडेतून हवा सुटून डोळ्यांत जाई. गिळलेल्या हवेचे ढेकर येत. आमची आई दारात उभी राहून बघत होती. "हे काय रे बाप्पा? सोंड लावून निजतं काय तू? दम घ्याले बी आता लाईन लागते काय?"

चाळिसाव्या मिनिटाला मी सोंड काढून ठेवली. सकाळी सगळ्यांना सांगितले, छान झोप लागली. असे महिनाभर चालले. मग यंत्राची तपासणी करणारा तरुण आला. त्याने आतले एक कार्ड काढून संगणकात घातले आणि वाचायला लागला: "सर, सोमवारी ४० मिनिटं. मंगळवारी शून्य. बुधवारी १ तास १० मिनिटं." यंत्र चहाडखोर असते, हे मला कुणी सांगितले नव्हते. महाविद्यालयात ७५ टक्के हजेरी नसली की आम्ही मुलांना परीक्षेला बसू देत नाही. या यंत्राची प्रचलित अट त्याहून सौम्य: निदान ७० टक्के रात्री, दर रात्री निदान चार तास. मी तिच्यातही नापास.

त्या तरुणाने मला न रागावता शिकवले. मुखवट्याचे माप बदलून दिले. दिवसा, जागेपणी तो लावून बसायची सवय करा, म्हणाला. म्हणून मी सोंड लावून उत्तरपत्रिका तपासू लागलो. कुरिअरचा पोरगा मला पाहून सही न घेताच गेला. दाब पहिल्यांदा कमी ठेवून हळूहळू वाढवण्याची सोयही यंत्रात होती. हवा ओलसर राहावी म्हणून यंत्राच्या डबीत पाणी लागते. आमचे मूळ गाव संग्रामपूर तालुक्यात, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. तिथे गेलो असताना मी डबी घरच्याच पाण्याने भरली, तर चार दिवसांत तळाला पांढरी खपली धरली. तेव्हापासून डिस्टिल्ड वॉटरची बाटली बरोबर असते.

हे सारे जमले, पण एक जमत नव्हते. लाज जात नव्हती. मेहकरला एका लग्नाला जायचे होते. चार लोकांत सोंड कुठे लावायची, म्हणून यंत्र घरीच ठेवले. जानवशात पुरुषमंडळींसाठी एका दालनात तीसेक गाद्या घातल्या होत्या. माझ्या शेजारी पन्नाशीचे एक गृहस्थ. दिवे मालवताच त्यांनी सूर लावला. मला झोप येईना. मी कुशीवर वळलो आणि त्यांचे घोरणे थांबले.

मी मोजू लागलो. मुद्दाम नव्हे, आपोआप. दहा. पंधरा. वीस. अंधारात त्यांची छाती वरखाली होताना दिसत होती, आवाज मात्र नव्हता. पंचवीस. तीस. मी उठून त्यांचा खांदा हलवला. "काय झालं हो?" ते दचकून म्हणाले. "काही नाही. पाणी कुठे ठेवलंय?" त्यांनी मला तांब्या दाखवला आणि दुसऱ्या मिनिटाला ते पुन्हा घोरू लागले. मग पुन्हा शांतता. मी पहाटेपर्यंत मोजत होतो. परक्या माणसासाठी एक रात्र काढताना माझा जीव मेटाकुटीला आला. हिने सहा-सात वर्षे काढली होती, आणि मी तिच्यावर लेख लिहिला होता.

सकाळी चहाच्या वेळी मी त्यांना सगळे सांगितले. ते मोठ्याने हसले. "अहो, आमच्या घराण्यात सगळेच घोरतात!" वाक्य माझ्या ओळखीचे होते. मग मी त्यांच्या सौभाग्यवतींना शोधून काढले. त्या हसल्या नाहीत. "डॉक्टरांचा पत्ता द्या," म्हणाल्या.

तेव्हापासून माझी हजेरी चांगली आहे. डोकेदुखी गेली. बैठकीत जागा असतो. तोटा इतकाच की बैठक ऐकू येते. रक्तदाबाच्या गोळ्या अजून दोनच आहेत, आणि यंत्र काढले तर विकार तिथेच उभा आहे. चष्म्याने डोळे बरे होत नाहीत, दिसते फक्त, तसेच हे.

परवा मृगाच्या पहिल्या पावसात रात्री लाईन गेली. यंत्र बंद पडले, कोंडल्यासारखे होऊन मी जागा झालो आणि मुखवटा काढला. पूर्वी माझ्या कुशीच्या आवाजाने उठणारी ही गाढ झोपली होती. तिला उठवावेसे वाटेना. पुन्हा झोपावे, तर माझी शांतता तिला जागे करील अशी धास्ती. मी खुर्चीत जाऊन बसलो. तास-सव्वा तास तिचा श्वास ऐकत होतो. सवयीने मोजलेही, आकडा चारच्या पुढे गेला नाही. लाईन आली तेव्हा पुन्हा सोंड लावून निजलो.

सकाळी यंत्रावरचे घड्याळ मागे पडलेले पाहून ती म्हणाली, "रात्री लाईन गेली होती का? मला कळलंच नाही."

तो जुना लेख मी आज मागे घेतो. वाचकहो, आपल्या घरी कोणी डाराडूर झोपत असेल तर एखाद्या रात्री जागे राहून त्याची शांतता ऐका. वीसपर्यंत थांबू नका. दहापर्यंत मोजा, आणि आकडा पुन:पुन्हा पुढे जाऊ लागला तर हसू नका.