हीटरचा प्रवाह कोणी मोजावयाचा?

परभणी जिल्ह्यातील उद्योगांचा विषय निघाला की चर्चा मानवत-सेलूच्या जिनिंगपाशी येऊन थांबते. पण प्लॅस्टिकच्या नळ्या काढणारे, पिशव्यांना सील मारणारे, पाव भाजणारे छोटे कारखाने विजेच्या हीटरवर चालतात, आणि त्यांत राबणारा कामगार बहुधा असंघटित असतो. हीटरची तपासणी हा वरवर पाहता वायरमनचा प्रश्न. वस्तुतः तो मजुरीचा आणि अधिकाराचा प्रश्न आहे.

हीटरच्या दांडीत नायक्रोमची तार, तिच्याभोवती दाबून भरलेली मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी आणि वर धातूची नळी असते. यातील एक तार तुटली म्हणून भट्टी बंद पडत नाही. न्यूट्रल जोडलेल्या, तीन फेजच्या 12 किलोवॉटच्या भट्टीत प्रत्येक फेजवर सुमारे 17 अँपिअर प्रवाह असावयास हवा. एका फेजचा हीटर तुटला की उष्णता दोन-तृतीयांश उरते. थर्मोस्टॅट मात्र तपमान पाहतो, तार पाहत नाही. तो उरलेले हीटर अधिक वेळ चालू ठेवतो आणि काटा उशिरा का होईना, जागेवर येतो. हा उशीर कोणाच्या खाती पडतो? मजुरी नगावर असेल तर कामगाराच्या. भट्टी आजारी असते आणि ठपका त्याच्या आळसावर येतो.

उपाय महाग नाही. रोज सकाळी टाँग टेस्टरने तिन्ही फेजचा प्रवाह मोजून लिहिला तरी तुटलेला हीटर उघडा पडतो. कायमची सोय हवी असल्यास करंट ट्रान्सफॉर्मर आणि घंटा वाजवणारा रिले आहेच. मात्र आकडा आंधळेपणाने वाचून चालणार नाही. व्होल्टेज 10 टक्के उतरले तर प्रवाहही तितकाच उतरतो, आणि उष्णता तर 19 टक्क्यांनी घटते. कमी दाबाची वीज आपल्या ग्रामीण भागाला नवी नाही. म्हणून प्रवाहाशेजारी त्या फेजचे व्होल्टेजही लिहावे. व्होल्टेज ठीक असून प्रवाह पडला असेल तर दोष हीटरकडे किंवा त्याच्या जोडणीत शोधावा.

याहून घातक दोष म्हणजे थर्मोस्टॅटने ‘बंद’ सांगितल्यावरही काँटॅक्टर चिकटून प्रवाह वाहत राहणे. पावसाळ्यात बंद राहिलेल्या हीटरची भुकटी ओल धरते आणि वीज नळीत झिरपते. गळती ओळखून वीज तोडणारे उपकरण अशा वेळी वारंवार ट्रिप होते, आणि कामाचा खोळंबा नको म्हणून त्याला ‘डायरेक्ट’ करून टाकतात. तापवणाऱ्या उपकरणातील विद्युत दोष काय करू शकतो हे भंडाऱ्याने दाखवले आहे. 9 जानेवारी 2021 रोजी तेथील जिल्हा रुग्णालयात 10 नवजात बालके दगावली. अर्भकांना ऊब देणाऱ्या वॉर्मरच्या नियंत्रण पॅनेलमध्ये ठिणगी पडल्याचे चौकशीत निष्पन्न झाले.

आता कायदा पाहावा. वीज वापरणारा कारखाना ‘कारखाना’ ठरण्यासाठी 1948 च्या कायद्यात मुळात 10 कामगार पुरेसे होते. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत ही संख्या 20 आहे. निरीक्षकाच्या पदनामाला ‘सुलभकर्ता’ ही शेपटी जोडली गेली. सुलभता कोणाची, हे सांगावयास नकोच! सुरक्षा समितीची तरतूद मोठ्या कारखान्यांपुरती राहिली. बारा-पंधरा माणसांच्या भट्टीवर नजर ठेवावयास अखेर तेथला कामगारच उरतो.

तेव्हा मागण्या तीन. यंत्राशेजारी मराठीत नोंदवही असावी. दोष दिसताच वीज तोडण्याचा अधिकार नोंद करणाऱ्या कामगाराला असावा. आणि भट्टी बंद राहील त्या तासांची मजुरी भरून मिळावी. पहिल्या दोन मालकाला बिनखर्ची वाटतील, तिसरीवर तो अडेल. पण मजुरी बुडणार असेल तर मेन स्विचकडे जाणारा हात अर्ध्यावरच थांबेल, म्हणून कार्यकर्त्यांनी वाटाघाटीची सुरुवात तिसऱ्या मागणीपासून करावी.