‘हाफ’चा अर्धाच अर्थ

मेलेल्या भाषांतले ‘सुंदर शब्द’ दाखवणारी रील्स तुम्हीही पाहिली असतील. निळं पाणी, मागे पियानो, मधोमध एक शब्द. परवा माझ्या फोनवर ‘हाफ’ आला. भाषा नॉर्न, अर्थ ‘खोल समुद्र’. खाली बदामांची रांग. मला मात्र राग आला.

अर्थ चुकीचा नाही, अर्धा आहे. नॉर्न ही स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड आणि ऑर्कनी बेटांवर नॉर्स वसाहतकऱ्यांसोबत आलेली भाषा. जुन्या नॉर्समध्ये ‘हाफ’ म्हणजे समुद्र. नॉर्वेत आजही ‘हाव’ म्हणतात. पण अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या शेटलंडमध्ये ‘हाफ’ला जायचं म्हणजे खोल पाण्यात मासेमारीला जायचं. सहा वल्ह्यांच्या उघड्या होड्यांतून कुळं ३०-४० मैल आत जायची. हौस म्हणून नव्हे. मासळी जमीनदारालाच, त्यानं ठरवलेल्या भावात घालायची, ही अनेक ठिकाणी जमीन कसण्याची अटच होती. नाही म्हणालात तर घर सोडा. जुलै १८८१च्या एका वादळात १० होड्या गेल्या, ५८ माणसं बुडाली. आता वाजवा पियानो.

दुसरा राग ‘शेवटचा भाषक’ या लाडक्या गोष्टीवर. अन्स्ट बेटावरचा वॉल्टर सदरलँड १८५०च्या सुमारास गेला आणि नॉर्न संपली, असं सांगतात. मग १८९३ ते १८९५ या काळात फेरो बेटांवरून आलेल्या याकोब याकोबसेनला शेटलंडच्या लोकांकडून नॉर्न मुळाचे सुमारे १०,००० शब्द कसे मिळाले? वाक्यं स्कॉट्सची झाली होती, शब्द कामाला लागलेले होते. त्यातही होडीत जास्त. समुद्रावर काही गोष्टींची नेहमीची नावं घ्यायची नाहीत, असा कोळ्यांचा दंडक होता. चर्चला चर्च म्हणायचं नाही, ‘बेनीहूस’ म्हणायचं, म्हणजे प्रार्थनेचं घर. जमिनीवर पुसलेले शब्द भीतीनं पाण्यावर जपले.

कुणी म्हणेल, रीलमुळे निदान शब्द कळला तरी. नाही कळला. त्यातली माणसं, कर्ज आणि भीती काढून टाकल्यावर उरतो तो वॉलपेपर.

असा शब्द पुन्हा समोर आला, तर बदाम देण्याआधी एवढंच विचारा : हा कोण बोलायचं, आणि काय करताना?