हिग्जची लोड टेस्ट कधी?

सर्नच्या ९१ किलोमीटरच्या नियोजित बोगद्याची बातमी आली की खाली एक कमेंट ठरलेली: २०१२ला हिग्ज सापडला, त्यानंतर काय सापडलं? मग पहिल्याच टप्प्यावर पंधरा अब्ज स्विस फ्रँक कशाला?

पैशांचा हिशोब जरूर मागा. भारत २०१७पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे, वर्गणी आपणही भरतो. पण 'नवा कण सापडला का' ही फूटपट्टीच चुकीची आहे. ती आपल्या हातात दिली याच क्षेत्रातल्या काही लोकांनी. सुपरसिमेट्री दिसेल, डार्क मॅटर दिसेल, अशी स्वप्नं विकली की गिऱ्हाईक नंतर बिल दाखवणारच.

खरा प्रश्न वेगळा आहे. दोन डब्ल्यू बोसॉन एकमेकांवर आपटले तर काय होतं? ली, क्विग आणि थॅकर यांनी १९७७मध्ये गणित मांडलं. हिग्ज नसेल तर ऊर्जा वाढवत नेताना, साधारण एक टेरा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या पट्ट्यात, या टकरीची शक्यता शंभर टक्क्यांच्या वर जायला लागते. म्हणजे थिअरी क्रॅश. हिग्ज येतो आणि वाढणारा भाग नेमका तेवढाच वजा करतो. त्याचं डब्ल्यूशी असलेलं नातं किंचित जरी कमीजास्त निघालं, तर वजाबाकी अर्धवट राहते आणि उरलेलं ऊर्जेबरोबर फुगत जातं.

शंभर युजरवर चाललं म्हणून 'बग फिक्स' म्हणणाऱ्याला आपण स्टँडअपमध्ये सोडतो का? हिग्जची लोड टेस्ट बाकी आहे.

सध्याच्या एलएचसीमध्ये अशा टकरी दिसल्या आहेत, पण त्यांतले बहुतेक डब्ल्यू आडव्या ध्रुवीकरणाचे. परीक्षा होते ती अनुदैर्घ्य डब्ल्यूंची, आणि ते मोजकेच. एलएचसीच्या पुढच्या अपग्रेडमध्ये टकरींची संख्या खूप वाढेल, ऊर्जा जवळपास तीच राहील.

आणि माझी खरी तक्रार इथे आहे. त्या पंधरा अब्जांत येणारं यंत्र इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनचं. ते हिग्जची मोजमापं अतिशय बारकाईने घेईल, पण त्याची ऊर्जा टेराच्या बरीच खाली. लोड टेस्ट होईल ती त्याच बोगद्यातल्या प्रोटॉन यंत्रात, आणि ते नियोजनात २०७०च्या दशकात आहे. तोवर मी सत्तरी ओलांडलेली असेन. दहा टेराचा म्यूऑन कोलायडर हा दुसरा रस्ता. एवढ्या ऊर्जेला म्यूऑन इतके डब्ल्यू सोडतात की ते जवळजवळ बोसॉनांचंच यंत्र होतं. अडचण एकच, स्थिर म्यूऑन २.२ मायक्रोसेकंदांत मरतो. वेगामुळे त्याचं आयुष्य लांबतं, तरी त्याला जमवून, थंड करून धावडवण्याचं तंत्र अजून तयार नाही. कमेंटमध्ये भांडायचंच असेल, तर या तंत्रावर आज किती पैसा लागतोय यावर भांडा.