कसून देतो, साहेब!

बिनगिअरच्या सायकलीची चेन घसरायला लागली की आपल्याकडे तिच्यावर एकच औषध आहे. कसणे! मागच्या चाकाचे नट सैल करायचे, चाक मागे ओढायचं, नट आवळायचे, चेनवर चार थेंब तेल सोडायचं. झालं काम. आठवड्याने पुन्हा घसरली? पुन्हा कसा. चाक मागे न्यायला जागाच उरली नाही? मग कडी काढा आणि कसा. त्यानंतरही घसरली तर शेवटचा सल्ला तयारच असतो: "साहेब, आता नवीनच घ्या. गिअरवाली."

मला या औषधाचा मनापासून राग येतो. बहुतेक वेळा ते चुकीच्या रोगावर दिलं जातं, आणि चार दिवस गुण आल्यासारखं वाटतं म्हणून खरा रोग तसाच वाढत राहतो.

मुळात चेन पडणं आणि चेन घसरणं हे दोन वेगळे आजार आहेत. पडते ती बहुधा ढिली असते, किंवा पुढचं चेनव्हील आणि मागचं फ्रीव्हील एका रेषेत नसतं. ढिली असेल तर जरूर कसा. घसरणारी चेन मात्र जागेवरच असते. पॅडलवर जोर आला की 'कट्ट' करून एक दात ओलांडते आणि पॅडल पायाखालून सुटतं.

आता हा जोर आपण कधी देतो? कोथरूडहून चांदणी चौकाचा चढ चढताना. सिग्नल सुटल्यावर. गिअर नसल्यामुळे सीटवरून उठून, सगळं वजन एका पायावर टाकून. नेमक्या त्या क्षणी पॅडल सुटलं तर माणूस दांडीवर तरी आदळतो नाहीतर रस्त्यावर, आणि मागे बस उभी असते. जाड टायरच्या, 'एमटीबी' म्हणून विकल्या जाणाऱ्या या बिनगिअरच्या सायकली चालवतं कोण? क्लासला जाणारी पोरं, रात्रपाळीचे वॉचमन, सकाळी पेपर टाकणारे. डोंगर बघायला निघालेले हौशी लोक नव्हेत. म्हणून हा विषय मला किरकोळ वाटत नाही.

"चेन ताणली गेलीय" असं आपण म्हणतो, तेही खरं नाही. पोलाद काही रबरासारखं ताणलं जात नाही. आज सायकलीला असते त्या जातीची रोलर चेन हान्स रेनॉल्डने १८८० साली मँचेस्टरमध्ये शोधली, आणि तेव्हापासून ती एकाच पद्धतीने म्हातारी होते आहे. प्रत्येक सांध्यात एक पिन असते. धूळ आणि तेल मिळून तिथे पॉलिश पेपरसारखी पेस्ट होते आणि पिन केसाएवढी झिजते. असे शंभराच्या वर सांधे म्हटल्यावर सगळी चेन लांब होते. दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच असायला हवं, ते वाढतं. दातांमधलं अंतर मात्र ठरलेलं. मग चेन दाताच्या टोकाकडे चढायला लागते आणि जोर आला की पलीकडे उडी मारते.

हे ओळखायला एक पट्टी पुरते. नव्या चेनमध्ये बारा इंचात बरोबर २४ कड्या बसतात. पट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर धरा आणि चोविसावी कडी संपते तिथली पिन बघा. बारा इंचावर असेल तर चेन निर्दोष. अर्धं सूत पुढे गेली असेल तर चेन बदला. एक सूत पुढे गेली असेल तर बहुधा फ्रीव्हीलचे दातही गेले.

आता कडी काढण्याचा हिशोब बघा. आतली-बाहेरची जोडी काढली की चेन एक इंचाने कमी होते. साधारण ५५ इंचांच्या चेनमध्ये एक इंच वाढ म्हणजे जवळजवळ दोन टक्के. बदलण्याची हद्द अर्ध्या टक्क्याची! चेन झिजत झिजत कडी काढण्यापर्यंत आली, तर ती बदलायची वेळ केव्हाच होऊन गेलेली असते. आपण मात्र कडी काढून तिला नवं आयुष्य देतो.

आणि नुसती चेन बदलली तर? ती अनेकदा जुनीपेक्षा जास्त घसरते. मग "माल डुप्लिकेट निघाला" म्हणून चेनला शिव्या. तिचा काय दोष? जुनी चेन आणि जुने दात बरोबरीने झिजलेले असतात. आकड्यासारख्या झालेल्या त्या दातांवर नवी चेन बसणार कशी? अशा वेळी फ्रीव्हीलही बदलावं लागतं. पुढच्या चेनव्हीलला दात जास्त, म्हणून ते सहसा जास्त टिकतं.

बरं, दरवेळी दोष चेनचाच असतो असंही नाही. पुढचं चाक भिंतीला टेकवा, मागचा ब्रेक गच्च धरा, पॅडल आडवं आणून त्यावर पायाने हळूहळू जोर द्या. दुसऱ्या कुणाला तरी खाली बसून बघायला सांगा, बोटं लांब ठेवून. चेन दातांवरून उडी मारतेय? मग वर सांगितलेली झीज. चेन आणि फ्रीव्हीलचे दात दोन्ही फिरतात पण चाक जागचं हलत नाही? मग फ्रीव्हीलच्या आतले खटके, ज्यांना दुकानात 'कुत्ते' म्हणतात, ते चिकट तेलात अडकलेत किंवा झिजलेत. चेन कितीही कसा, ते उठायचे नाहीत. चेन हलत नाही पण पॅडल खचकन खाली जातं? कॉटर पिनचा क्रँक असेल तर पिन सैल आहे. उजवीकडून चाक पुढे ओढलं जातं आणि टायर फ्रेमच्या डाव्या दांडीला घासतो? मग नट सैल आहेत. तिथे कसायचे असतात ते नट! शेवटी पॅडल सावकाश उलटं फिरवून बघा. एखादी अडकलेली कडी फ्रीव्हीलवरून जाताना उडी मारेल.

दोन-चार मिनिटांचं काम आहे. तरी ते होत नाही, आणि याचा सगळा दोष सायकलवाल्यावर टाकणं मला पटत नाही. "जरा चेन कसून द्या, घाई आहे" हे आपणच म्हणतो. बघायचे पैसे द्यायला आपण तयार नसतो, फक्त पाना फिरवायचे देतो. मग तो पाना फिरवतो. जे विकलं जातं तेच तो विकणार.

पण पालथ्या पान्याचीही किंमत असते. बिनगिअरच्या चेनला मध्यावर वर-खाली मिळून अर्धा इंच तरी झोल हवा, तोही पॅडल पूर्ण फिरवून जिथे ती सगळ्यात ताठ होते तिथे मोजलेला. तारेसारखी ताठ चेन लवकर झिजते, बेअरिंग खाते आणि सायकल जड करते. म्हणजे घसरू नये म्हणून कसलेली चेन घसरण्याच्या वयाला लवकर पोचते.

तेव्हा पुढच्या वेळी "कसून देतो, साहेब" ऐकलंत तर हो म्हणू नका. "आधी मोजून बघा" म्हणा. त्याच्याकडे पट्टी नसेल तर पोराच्या कंपासपेटीजवळची बारा इंची घेऊन जा.