कुलमुखत्यारपत्राने आरंभ

या आठवड्यात आमच्या लोधिवलीतील एका विद्यार्थिनीने तिच्या शिकवणीवर्गातून मिळालेले एक छापील पत्रक मला आणून दाखविले, आणि ते वाचून झालेला विषाद या स्तंभात नोंदविल्यावाचून मला स्वस्थ बसवत नाही. गूगलच्या बिगक्वेरी या डेटासेवेशी पायथनच्या क्लायंट लायब्ररीमार्फत प्रथम संपर्क कसा साधावा, हा त्या पत्रकाचा विषय होता. त्यात सांगितलेला क्रम असा: प्रोजेक्ट निर्माण करावा, एक सर्व्हिस अकाउंट, म्हणजे माणसाऐवजी प्रोग्रॅमसाठी असलेले खाते, काढून त्यास 'ओनर' हा सर्वाधिकार द्यावा, त्या अकाउंटची जेसन किल्ली, म्हणजे त्याची ओळख पटविणारी फाइल, डाउनलोड करून प्रोग्रॅमच्याच फोल्डरमध्ये ठेवावी, आणि उत्तर पडद्यावर उमटले की सारे फोल्डर गिटहब या संकेतस्थळावर चढवावे, म्हणजे गुरुजनांस तपासणे सोयीचे पडेल. या क्रमाने काम होते, यात शंका नाही, आणि शिकविणाराही बहुधा त्याच समाधानात असतो. परंतु ज्या मुलांना उद्या बँकांच्या, इस्पितळांच्या आणि सरकारी दप्तरांच्या माहितीवर काम करावयाचे आहे, त्यांच्या हाताला पहिल्याच दिवशी लागलेले हे वळण पुढे मोडता मोडत नाही.

क्लायंट लायब्ररी म्हणजे आपल्या प्रोग्रॅममधून सेवेशी बोलण्यासाठी तयार मिळणारा कोड. पायथन, जावा, गो, नोड, पीएचपी, रुबी, सी-शार्प यांपैकी ज्या भाषेत लिहावयाचे तिची लायब्ररी मिळते, ती बसविण्यास एक ओळ पुरते, आणि पहिला प्रश्न विचारून उत्तर मिळविण्यास आणखी पाचसहा ओळी. हा भाग इतका सुलभ झालेला आहे की त्यावर शिकवणी घेण्यासारखे फारसे उरलेलेच नाही. शिकविण्याजोगे जे आहे ते त्या ओळींच्या आधीचे: हा प्रोग्रॅम कोणाच्या वतीने बोलतो, आणि त्यास काय काय करण्याची मुभा आहे?

येथे आमच्या खालापूर-कर्जत भागातील माणसास एका गोष्टीची आठवण झाल्यावाचून राहणार नाही, आणि ती म्हणजे कुलमुखत्यारपत्र. द्रुतगती मार्ग झाल्यापासून या दोन्ही तालुक्यांतील वरकस जमिनींनासुद्धा जे मोल आले, त्यानंतर मुखत्यारपत्र हा शब्द घरोघरी माहीत झाला. खास मुखत्यारपत्रात अमुक गट नंबर, अमुक दस्त, अमुक कचेरीत हजर राहण्यापुरता अधिकार, असे स्पष्ट लिहिलेले असते. कुलमुखत्यारपत्रात मात्र मिळकतीसंबंधीचे सर्व व्यवहार, कोर्टकज्जे, रक्कम स्वीकारणे, पावती देणे, सारे काही एका सहीने दुसऱ्याच्या हाती जाते. ज्याने एकदा असे पत्र विश्वासाने लिहून दिले आणि नंतर फेरफाराची नोटीस हाती पडल्यावर खालापूरच्या कचेरीत फेऱ्या घातल्या, त्या कुळंब्यास अधिकाराची मर्यादा म्हणजे काय हे कोणी शिकवावे लागत नाही. केवळ अशा पत्रावर झालेल्या विक्रीने मालकी हस्तांतरित होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प प्रकरणात निक्षून सांगितले, ते या अनुभवांचे ओझे साचल्यानंतरच.

'ओनर' अधिकाराचे सर्व्हिस अकाउंट हे शुद्ध कुलमुखत्यारपत्र होय. इतकेच नव्हे, तर त्याची जेसन किल्ली त्याहूनही भयंकर आहे, आणि या फरकावरच मला वाचकांचे लक्ष खिळवावयाचे आहे. मुखत्यारपत्रात मुखत्याराचे नाव असते, छायाचित्र असते, अंगठा असतो. लिहून देणाऱ्याने स्वतः निष्पादित केलेला दस्त मुखत्याराने नोंदणीसाठी सादर करावयाचा, तर ते पत्र निबंधकासमक्ष होऊन साक्षांकित झालेले असावे लागते. जेसन किल्लीस चेहरा नाही. ती फाइल ज्याच्या हाती पडली तो मुखत्यार, मग तो आपला सहाध्यायी असो की पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाचा कोणी अनोळखी इसम. लिहून देणारा मृत्यू पावला की सामान्यतः मुखत्यारी संपते. किल्लीस तर, वेगळी तजवीज केली नसेल तर, मुदतच नाही, आणि ती काढणारा कर्मचारी नोकरी सोडून गेल्यावरही ती पूर्ववत चालू राहते. एका बाबतीत मात्र किल्लीची स्थिती बरी म्हणावयास हवी. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे मुखत्यारी रद्द केली, तरी त्रयस्थास ते कळेपर्यंत त्याच्यापुरती ती संपत नाही, आणि म्हणून लोक वर्तमानपत्रांत जाहीर नोटिसा देतात; किल्ली रद्द केली की अल्पावधीत ती निकामी होते. परंतु रद्द करण्यासाठी ती हरवली आहे हे आधी ठाऊक असावयास हवे, आणि गिटहबवर आपण होऊन चढविलेली वस्तू हरवली आहे असे कोणास वाटणार?

हे माझे एकट्याचे भय नाही. ३ मे २०२४ पासून गूगलकडे नव्याने नोंदविल्या जाणाऱ्या संस्थांस अशी किल्ली काढण्याचीच मूलतः मनाई आहे, आणि त्याच वर्षीच्या जूनपासून उघड्यावर आढळलेली किल्ली कंपनी आपण होऊन बंद करते. सेवा विकणाऱ्या कंपनीनेच जो मार्ग अडविला आहे, तो आमच्या शिकवणीवर्गांनी प्रथम पाठ म्हणून का गिरवावा?

योग्य मार्ग मुळीच दुर्गम नाही. विद्यार्थ्याने आपल्या संगणकावर एक आज्ञा देऊन स्वतःच्या नावाने लॉगिन करावे. त्याची ओळख संगणकावर ठराविक जागी जतन होते आणि लायब्ररी ती आपण होऊन शोधून काढते. शोधण्याचा तिचा क्रम ठरलेला आहे: प्रथम एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमध्ये फाइलचा पत्ता दिला आहे काय, मग लॉगिन करून ठेवलेली ओळख आहे काय, आणि शेवटी, प्रोग्रॅम गूगलच्याच यंत्रावर चालत असेल तर, त्या यंत्रास जोडलेले अकाउंट कोणते. हा क्रम ज्याने समजून घेतला, त्याचा प्रोग्रॅम घरी आणि कचेरीत एक अक्षरही न बदलता चालतो, आणि किल्लीची फाइल त्यात कोठेच येत नाही. अधिकार द्यावयाचे तेही खास मुखत्यारपत्राच्या रीतीने: प्रश्न चालविण्याची परवानगी वेगळी, तक्ता वाचण्याची वेगळी, आणि आरंभी या दोहोंपलीकडे काहीही लागत नाही.

खर्चाविषयी त्या पत्रकात चकार शब्द नव्हता, हेही मला खटकले. बिगक्वेरीच्या सँडबॉक्स या मोफत सोयीत क्रेडिट कार्डावाचून दरमहा एक टेराबाइटपर्यंतचे प्रश्न आणि दहा गिगाबाइटचा साठा मिळतो, मात्र तेथील तक्ते साठ दिवसांनी नाहीसे होतात, हे मुलांस आधीच सांगावे. प्रश्नाच्या शेवटी 'लिमिट १०' असे लिहिल्याने खर्च दहा ओळींपुरता होतो, हा समज तर सार्वत्रिक आहे. सामान्य तक्त्यात आकार पडतो तो मागितलेल्या स्तंभांच्या संपूर्ण लांबीचा. प्रश्न न चालविता त्याचा आवाका तपासता येतो, आणि अमुक बाइटांपलीकडे जाऊ नये अशी कमाल मर्यादाही लायब्ररीतूनच घालता येते.

आता माझा जुना हट्ट, की उदाहरण आपल्या मातीतले असावे. त्या पत्रकातील अभ्यास पायथन लायब्ररीच्या अधिकृत उदाहरणावरून जसाच्या तसा घेतलेला होता: अमेरिकेत १९१० ते २०१३ या काळात जन्मलेल्या बालकांच्या नावांच्या तक्त्यातून टेक्सास राज्यातील शंभर नावे काढावी. लोधिवलीच्या मुलीने टेक्सासची नावे का मोजावी? बिगक्वेरीच्या त्याच सार्वजनिक संग्रहात अमेरिकेच्या नोआ या संस्थेने जमविलेल्या जगभरच्या वेधशाळांच्या दैनिक नोंदी वर्षवार तक्त्यांत ठेवलेल्या आहेत, आणि त्यांत सांताक्रूझचे केंद्र ४३००३० या क्रमांकाने सापडते. २००५ चा तक्ता उघडून २६ जुलैची, म्हणजे मुंबईच्या महापुराच्या दिवसाची, नोंद मागवावी आणि जे हाती येईल ते वेधशाळेच्या ९४४ मिलिमीटरशी ताडून पाहावे, मग त्याच दिवसाची कुलाब्याची ७३ मिलिमीटर पाहावी. आमच्या मुलांस त्या दिवसाच्या गोष्टी घरात ऐकून माहीत आहेत. तेथे पाऊस इंचांत नोंदलेला असतो, आणि नोंद नसेल तेथे ९९.९९ हा आकडा भरलेला असतो. ज्याने हे न पाहता बेरीज केली, त्याच्या उत्तरात एका दिवसाला अडीच मीटर पाऊस पडतो. आकड्यांवर आंधळा विश्वास टाकू नये, हे शंभर नावांच्या यादीने जन्मात शिकविले जाणार नाही.

आणि खरे पाहता सांताक्रूझलाही जाण्याचा प्रसंग येऊ नये. मुंबईजवळचा गूगलचा क्लाउड प्रदेश, म्हणजे डेटा सेंटरांचा समूह, २०१७ सालीच सुरू झालेला आहे. महामार्गाने पनवेलकडे निघाले तर भोकरपाड्याच्या परिसरात योट्टाचे प्रचंड डेटा सेंटर २०२० पासून उभे आहे. यंत्रे आमच्या दाराशी आली, आमच्या पावसाचे आकडे मात्र त्यांत आले नाहीत. महावेध प्रकल्पाने राज्यात महसूल मंडळागणिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभारली, कृषी खात्याच्या महारेन संकेतस्थळावर मंडळनिहाय पर्जन्य प्रसिद्धही होते. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली, त्याच्या आधीच्या दिवसांत आमच्या तालुक्यातील प्रत्येक मंडळात किती पाऊस झाला, हा प्रश्न खालापूरच्या कोणत्याही विद्यार्थ्यास चार ओळींच्या प्रोग्रॅमने विचारता आला पाहिजे. त्यासाठी कृषी खात्याने आणि जिल्हा प्रशासनाने हे आकडे सर्व वर्षांसकट, सर्वांस केवळ वाचता येतील अशा एका सार्वजनिक तक्त्यात, येत्या पावसाळ्यापूर्वी ठेवावेत.