बहात्तर तास आणि नव्वद दिवस

झाशी शहरानजीक बिजौली येथे औद्योगिक वसाहत आहे. अशा वसाहतीत घरादारापासून दूर, भाड्याच्या खोलीत राहणारे तरुण कामगार पुष्कळ असतात. त्यांपैकी एखाद्याचा अनोळखी व्यक्तीशी, निरोध न वापरता शरीरसंबंध आला, असे क्षणभर समजू. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या मनात एड्सचे भय शिरते. झोप उडते, तोंडास कोरड पडते, पोट बिघडते. ही सारी लक्षणे बहुधा भीतीचीच असता तो ती रोगाच्या पुराव्यात जमा करीत जातो. अशा मनुष्यास समाज एक तर उपदेश करतो, नाही तर तुच्छ लेखतो. त्यास गरज असते ती वेळापत्रकाची.

एचआयव्ही हा विषाणू शरीरात शिरल्यावर प्रथम प्रवेशस्थानाजवळच्या पेशींत व लसिकाग्रंथींत वाढतो आणि मग सर्वत्र पसरतो. ह्या मधल्या अवकाशात विषाणुरोधक औषधे सुरू केल्यास संसर्ग मूळ धरण्यापूर्वीच रोखला जाण्याचा संभव मोठा असतो. मात्र ती ७२ तासांच्या आत, आणि शक्य तर पहिल्याच दिवशी, सुरू करावी लागतात व वैद्यकीय देखरेखीखाली २८ दिवस अखंड घ्यावी लागतात. चौथ्या दिवशी ह्या उपायाचा उपयोग उरत नाही. घाबरलेला मनुष्य नेमके हेच तीन दिवस लाजेपायी खोलीत बसून काढतो.

चाचणीचे गणित निराळे आहे. सर्वसाधारण चाचणी विषाणूस शोधीत नाही. त्याच्याविरुद्ध शरीराने निर्माण केलेली प्रतिद्रव्ये शोधते, आणि ती निर्माण होण्यास काही आठवडे लागतात. म्हणून प्रसंगानंतर आठवड्याभरात केलेल्या चाचणीचे उत्तर ‘नाही’ असे आले, तर त्यावरून मनुष्य पूर्वी बाधित नव्हता एवढेच काय ते कळते. विषाणूचा अंश व प्रतिद्रव्ये ही दोन्ही शोधणारी प्रयोगशाळेतील चाचणी ४५ दिवसांनी भरवशाचे उत्तर देते. केवळ प्रतिद्रव्यांच्या चाचणीस ९० दिवस थांबावे लागते. मध्यंतरी वरील औषधे घेतली असल्यास ही मुदत कशी मोजावी, ते वैद्याने सांगावे. मुदतीनंतरचे ‘नाही’ हे त्या प्रसंगापुरते अखेरचे होय. तरीही कित्येक जण दर पंधरवड्यास नव्या प्रयोगशाळेत रक्त देतात. त्यांस आणखी एका चाचणीने समाधान मिळत नाही. त्यांनी मनाच्या वैद्याकडे जावे, त्यात कमीपणा नाही. उलट पहिले उत्तर ‘आहे’ असे आले तरी तेवढ्यावरून निदान पक्के होत नाही. सरकारी केंद्रांत तीन निरनिराळ्या चाचण्यांनी त्याची खातरजमा करतात.

धोक्याचे मापही लोकांस ठाऊक नसते. बाधित व उपचार न घेणाऱ्या व्यक्तीशी निरोधावाचून आलेल्या एका योनिसंबंधात संसर्गाची शक्यता पुरुषास दहा हजारांत सुमारे ४ व स्त्रीस सुमारे ८ एवढी अंदाजिली जाते. गुदमार्गी संबंधात, तो स्वीकारणाऱ्या व्यक्तीस ती सुमारे १३८ असते. गुप्तरोगाचे व्रण असल्यास ती वाढते. हे आकडे बेफिकीर होण्यासाठी नाहीत. परंतु ‘एक वेळ चुकलो, आता मेलो’ ह्या समजुतीस त्यांत आधार नाही, हेही तितकेच खरे.

भयामुळे तरुण सन्मार्गावर राहतात, सबब ते घालवू नये, असे म्हणणारे सज्जन आहेत. प्रसंगापूर्वी भय काही जणांस आवरीत असेल. प्रसंगानंतर ते दवाखान्याची वाट बंद करते. ह्या भयाचा मोठा भाग रोगाचा नसून लोकांचा असतो, आणि तो सर्वस्वी काल्पनिकही नाही. गोव्यात १९८९ साली डॉमिनिक डिसोझा ह्या तरुणाने रक्तदान केले असता त्याच्या रक्तात हा संसर्ग आढळला. त्यास पोलिसांकरवी ताब्यात घेऊन ६४ दिवस एका जुन्या क्षयरोग-रुग्णालयाच्या इमारतीत एकाकी ठेवण्यात आले. त्याच्या आईस न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. १९९२ साली तो वारला. रक्त तपासून घेतल्याचे असे फळ ज्यांनी पाहिले वा ऐकले, ते चाचणीस कचरले तर नवल कसले?

आज ती स्थिती नाही. २०१७ साली संमत होऊन १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेल्या कायद्याने संमतीवाचून चाचणी करण्यास व बाधिताची माहिती उघड करण्यास, कायद्यात सांगितलेले अपवाद सोडून, मनाई केली आहे. संसर्गाच्या सबबीवर नोकरीत भेदभाव करण्यासही बंदी आहे. सरकारी रुग्णालयांतून औषधे मोफत देण्यास २००४ साली आरंभ झाला, आणि ती नियमित घेऊन ज्याच्या रक्तातील विषाणू चाचणीत न सापडण्याइतका कमी राहतो, त्याच्याकडून शरीरसंबंधाद्वारे दुसऱ्यास बाधा होत नाही. कायदा पुढे गेला. रुग्णालयाच्या खिडकीपाशी रांगेत सर्वांदेखत ‘कशाची चाचणी?’ असे मोठ्याने विचारण्याची रीत मात्र काही ठिकाणी मागेच राहिली आहे.

मराठी वाचकास हा प्रश्न अगदीच नवा नाही. रघुनाथ धोंडो कर्वे ह्यांनी १९२७ ते १९५३ ह्या काळात ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले व त्यात वाचकांच्या लैंगिक शंकांना, त्यांस न हिणवता, रोखठोक उत्तरे दिली. अशा उत्तरांवरून त्यांच्यावर खटलाही झाला; १९३४ साली त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी घेतले होते. तशा उत्तरांची जागा आज शाळेत व वाचनालयात असावयास हवी. एड्सविषयक मोफत राष्ट्रीय दूरध्वनी सेवेचा क्रमांक १०९७ आहे आणि मनःस्वास्थ्यासाठीच्या सेवेचा १४४१६. हे दोन क्रमांक, आणि त्यांच्याखाली ७२ तास व ९० दिवस ह्या दोन मुदती, एवढा मजकूर सूचनाफलकावर सहज मावेल. तो फलक मात्र ग्रंथपालाच्या मेजासमोर नसावा. कोणी पाहत नसता वाचता येईल अशा कोपऱ्यात असावा.